दोन ठिपके आणि हरवलेला अपूर्णविराम

प्रोग्रॅमिंग लायब्ररींच्या (इतरांना वापरता यावेत म्हणून लिहिलेल्या तयार कोडच्या संचांच्या) डॉक्युमेंटेशनमधील, म्हणजे माहितीच्या पानांमधील, बारीकसारीक मांडणीदोष आणि त्यांची दुरुस्ती या एकाच विषयावर बरीच पत्रे आली. त्यांतील सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. उदाहरणांतील रोमन शब्द या सदरात देवनागरीत छापले आहेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये ते रोमन लिपीत असतात. चिन्हे मात्र जशीच्या तशी आहेत, आणि सगळा प्रश्न चिन्हांचाच आहे.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पायथनच्या एका लायब्ररीचे डॉक्युमेंटेशन वाचताना फंक्शनांची नावे काही ठिकाणी कोडच्या समान रुंदीच्या टाइपात, तर काही ठिकाणी नुसत्या तिरप्या टाइपात छापलेली दिसली. ही चूक दुरुस्त करून पाठवावी असे वाटते; पण कोणती फाइल उघडावी हेच कळत नाही. शिवाय इतकी क्षुल्लक दुरुस्ती पाठवली तर हसे होईल, अशी धास्तीही वाटते.
— एक विद्यार्थिनी, कराड

उत्तर : हसे होणार नाही, मात्र फाइल उघडण्याआधी ते पान कसे तयार होते हे समजून घ्यावे. ब्राउझरमध्ये दिसणारे पान कोणी हाताने लिहिलेले नसते. पायथनच्या जगात ते बहुधा स्फिंक्स या साधनातून निघते. गेऑर्ग ब्रांडल यांनी हे साधन पायथनच्याच डॉक्युमेंटेशनसाठी घडवले आणि २००८ मध्ये ते सर्वांसाठी प्रसिद्ध झाले. त्याआधी पायथनचा हा मजकूर लाटेक या छपाईच्या खुणांच्या भाषेत लिहिला जात असे. स्फिंक्सला समजणाऱ्या मूळ खुणांच्या भाषेचे नाव रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट. आजच्या बहुतेक विद्यार्थ्यांचा हात मात्र मार्कडाउनवर बसलेला असतो. जॉन ग्रुबर यांची २००४ पासूनची ही भाषा दिसायला तशीच, पण व्याकरणाने वेगळी आहे. आपल्याला दिसलेली चूक बहुधा या दोन भाषांच्या सरमिसळीतून झालेली आहे.

मार्कडाउनमध्ये शब्दाच्या दोन्ही बाजूंना एकेक बॅकटिक (` हे चिन्ह) दिला की तो शब्द कोड म्हणून छापला जातो. रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये त्यासाठी दोन-दोन बॅकटिक लागतात. एकेरी बॅकटिकमधला शब्द तेथे 'या शब्दाची भूमिका काय ते सांगा' असा अर्थ वाहतो, आणि भूमिका सांगितलेली नसेल तर स्फिंक्स तो शब्द तिरप्या टाइपात छापून मोकळे होते. म्हणजे लिहिणाऱ्याने `लिस्ट` लिहिले, हवे होते ``लिस्ट``.

तरीही दिसेल तेथे दुसरा बॅकटिक घालत सुटू नये. नमपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीच्या डॉकस्ट्रिंगमध्ये (कोडमध्येच लिहिलेल्या माहितीत) एकेरी बॅकटिक मुद्दाम वापरतात, कारण त्या प्रकल्पाने एकेरी बॅकटिकमधील नावाचा दुवा आपोआप तयार व्हावा अशी व्यवस्था करून ठेवली आहे. तेथे आपण बॅकटिक दुहेरी केले तर चालता दुवा तोडल्यासारखे होईल. प्रकल्पाच्या 'कॉन्फ' नावाच्या पायथन फाइलमध्ये 'डिफॉल्ट रोल' ही ओळ आहे का, हे आधी पाहावे. ती असेल तर त्या घराची रीत वेगळी आहे.

आता फाइलचा प्रश्न. पायथनच्या प्रमाणित लायब्ररीचा मजकूर 'डॉक' या फोल्डरातील 'लायब्ररी' या उपफोल्डरात, बहुतेक प्रत्येक मॉड्यूलसाठी स्वतंत्र फाइलमध्ये असतो, आणि संकेतस्थळाच्या पानावरील 'शो सोर्स' हा दुवा मूळ मजकुराकडे नेतो. नमपाय किंवा पांडाज या लायब्ररींच्या बाबतीत फंक्शनची माहिती कोडमध्येच, फंक्शनच्या पहिल्या ओळीखाली तिहेरी अवतरणचिन्हांत असते. तिलाच डॉकस्ट्रिंग म्हणतात. स्फिंक्स ती तेथून उचलून पानावर मांडते. नमपायमधील सी भाषेत लिहिलेल्या कित्येक फंक्शनांच्या डॉकस्ट्रिंग तर आणखी वेगळ्याच फाइलमध्ये ठेवलेल्या आहेत. एवढे सगळे लक्षात ठेवण्यापेक्षा एक साधा उपाय करावा: पानावरील चार-पाच शब्दांचा एखादा वैशिष्ट्यपूर्ण तुकडा घ्यावा आणि तो संपूर्ण रिपॉझिटरीत (प्रकल्पाच्या सर्व फाइलींच्या साठ्यात) शोधावा. बांधून तयार झालेले एचटीएमएल मात्र कधीही दुरुस्त करू नये. पुढच्या बिल्डमध्ये, म्हणजे पाने नव्याने तयार होताना, ते पुसले जाते.

प्रश्न : आमच्या संघाच्या अंतर्गत लायब्ररीत एका फंक्शनखाली 'हे फंक्शन मूळ यादीच बदलते' असा इशारा मी लिहिला होता. फाइलमध्ये तो आजही आहे. पानावर मात्र त्याचा मागमूस नाही. बिल्ड करताना एकही तक्रार आली नव्हती. दोन सहकाऱ्यांनी इशाऱ्याअभावी फंक्शन चुकीचे वापरले आणि दिवस वाया गेला. ती ओळ सोबत उतरवून पाठवत आहे.
— संगणक अभियंता, पुणे

उत्तर : ओळ पाठवलीत म्हणून निदान सोपे झाले. आपण लिहिले आहे '.. वॉर्निंग:' आणि लिहावयास हवे होते '.. वॉर्निंग::'. चूक एका अपूर्णविरामाची आहे.

रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये ओळीच्या आरंभी दोन ठिपके आणि एक मोकळी जागा आली की पुढे काहीतरी खास आहे असे साधन समजते. ठिपक्यांनंतर एखादे नाव आणि लगेच दोन अपूर्णविराम आले तर ती आज्ञा ठरते. कंसातली खूण आली तर तळटीप, आणि अधोरेषेने सुरू होणारे नाव व अपूर्णविराम आले तर दुव्याचे ठिकाण. यांपैकी काहीच जुळले नाही तर तो मजकूर लेखकाने स्वतःसाठी लिहिलेली टिप्पणी मानला जातो आणि त्याखाली समास सोडून लिहिलेल्या सर्व ओळींसह छपाईतून वगळला जातो. टिप्पणी लिहिणे हा गुन्हा नसल्यामुळे तक्रार येण्याचे कारणच उरत नाही. 'ध'चा 'मा' झाल्याची गोष्ट आपण सगळेच सांगतो. परंतु तेथे निदान एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर दिसत तरी होते. येथे संपूर्ण वाक्य गडप होते आणि कागद कोराही दिसत नाही, कारण खालचा परिच्छेद वर सरकलेला असतो. या भाषेच्या व्याकरणातील हा सर्वांत निर्दय कोपरा आहे, असे माझे मत आहे.

त्यावर उपाय आहे. 'स्फिंक्स-लिंट' नावाचे छोटे साधन अशी ओळ पाहिली की 'ही टिप्पणी बहुधा आज्ञा म्हणून लिहिलेली असावी' अशा अर्थाची सूचना देते. ते आपल्या लायब्ररीवर आजच चालवावे. हरवलेला इशारा एकच असेल असे नाही.

आवाज न करणाऱ्या चुका आणखीही आहेत आणि मोठ्याने ओरडणाऱ्या चुकांपेक्षा त्याच अधिक घातक असतात. परिच्छेदाच्या लगेच खाली, मध्ये रिकामी ओळ न सोडता संयोगचिन्हांची यादी सुरू केली, तर मार्कडाउन ती यादी म्हणून ओळखते. रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट मात्र ती सगळी कलमे परिच्छेदाच्याच पोटात घालून एक लांबलचक वाक्य करते. साध्या वाक्यात, बॅकटिकशिवाय '--हेल्प' असे लिहिले तर स्फिंक्सची छपाईची सौंदर्यदृष्टी जागी होते आणि दोन संयोगचिन्हांची एक आखूड आडवी रेघ बनते. पानावर ती सुबक दिसते, पण वाचकाने तेथून उचलून टर्मिनलमध्ये चिकटवली की आज्ञा चालत नाही, आणि का चालत नाही हे डोळ्यांना समजत नाही. नमपायच्या पद्धतीच्या डॉकस्ट्रिंगमध्ये 'एक्स : इंट' असे लिहिताना अपूर्णविरामाच्या आधीही मोकळी जागा सोडावी लागते. इंग्रजी किंवा मराठी शुद्धलेखनाच्या सवयीने ती जागा कोणी काढून टाकली तर 'एक्स: इंट' हे सगळेच पॅरामीटरचे नाव समजले जाते आणि त्याचा प्रकार कोणता हे पानावर सांगितलेच जात नाही.

एक चूक मात्र डॉक्युमेंटेशनच्या भाषेची नसून पायथनचीच आहे. डॉकस्ट्रिंगमध्ये '\एन' ही खूण समजावून सांगायची असेल आणि तिहेरी अवतरणाआधी 'आर' हे अक्षर लावलेले नसेल, तर पायथन त्या जागी खरोखरच नवी ओळ घालते; मग स्फिंक्सला अर्धे वाक्य समासाबाहेर पडलेले दिसते आणि ते ज्या ओळीवर बोट ठेवते ती ओळ फाइलमध्ये निर्दोष असते.

प्रश्न : जुन्या लायब्ररीचे डॉक्युमेंटेशन बिल्ड केले की कित्येक पडदे भरून इशारे येतात. सगळे दुरुस्त करायला महिने लागतील. दुर्लक्ष करावे काय?
— छत्रपती संभाजीनगर

उत्तर : दुर्लक्ष करू नये, पण सगळ्यांच्या मागेही लागू नये. शीर्षकाखालची रेघ शीर्षकापेक्षा आखूड आहे, अशा इशाऱ्याने वाचकाचे काही बिघडत नाही. 'अनपेक्षित समास' अशा अर्थाचा इशारा आला तर मात्र पानावर काहीतरी विस्कटलेले असते, म्हणून आधी ते पाहावे. पायथनच्या प्रकल्पात यासाठी एक चांगली युक्ती आहे: ज्या फाइलींत असे दोष अजून शिल्लक आहेत त्यांच्या नावांची यादीच ठेवलेली आहे. यादीबाहेरच्या फाइलमध्ये नवा इशारा आला तर तपासणी नापास होते, आणि यादीतील एखादी फाइल स्वच्छ झाली की तिचे नाव खोडतात. यादी हळूहळू आखूड होते, लांब होऊ शकत नाही. सर्व इशाऱ्यांना चूक ठरवणारा '-डब्ल्यू' हा पर्याय स्फिंक्समध्ये आहे. तो यादी रिकामी झाल्यावर लावावा, आधी लावल्यास कोणीतरी वैतागून काढून टाकील.

प्रश्न : शाळेतील मुलांसाठी एका छोट्या लायब्ररीचे डॉक्युमेंटेशन आम्ही मराठीत लिहीत आहोत. शब्दाला प्रत्यय लागला की खुणा बिघडतात आणि पानावर नुसते बॅकटिक दिसतात किंवा अर्धे वाक्य कोडच्या टाइपात जाते. दोष आमचा की साधनाचा?
— शिक्षक, फोंडा, गोवा

उत्तर : दोष कोणाचाच नाही, नियम बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर आपली भाषा नव्हती, एवढेच. शेवटच्या बॅकटिकनंतर मोकळी जागा किंवा विरामचिन्ह असलेच पाहिजे, असा रीस्ट्रक्चर्डटेक्स्टचा नियम आहे. इंग्रजीत 'इन', 'टू', 'ऑफ' हे शब्द सुटे असतात, त्यामुळे तेथे हा नियम जाचत नाही. अनेकवचनाचा 'एस' लावतानाच काय ती ठेच लागते. मराठीत विभक्ती शब्दाला चिकटते. ``लिस्ट``मध्ये असे लिहिले की 'म' लगेच आल्यामुळे ते बॅकटिक शेवटचे मानले जात नाहीत, आणि साधन योग्य शेवट शोधत त्याच परिच्छेदातील पुढच्या संज्ञेच्या अखेरच्या बॅकटिकपर्यंत जाते. मधले सगळे वाक्य कोड ठरते. पुढे अशी संज्ञा नसेलच तर इशारा येतो आणि बॅकटिक उघडे पडतात. आपण वर्णन केलेले दोन्ही प्रकार याच एका कारणाचे आहेत.

अधिकृत उपाय असा की बॅकटिकनंतर उलटी तिरकी रेघ आणि एक मोकळी जागा द्यावी: ``लिस्ट``\ मध्ये. छपाईत रेघही जाते आणि जागाही जाते, प्रत्यय चिकटलेला दिसतो. डॉकस्ट्रिंगमध्ये असे लिहिताना अवतरणाआधी 'आर' लावायला विसरू नये, नाहीतर पायथनच्या ३.१२ पासूनच्या आवृत्त्या या तिरक्या रेघेवरच इशारा देतात. स्फिंक्स ज्यावर उभे आहे त्या डॉक्युटिल्स या साधनात शब्दाच्या पोटातही खुणा ओळखण्याची सोय आहे. ती चालू केली तर प्रत्ययांचा प्रश्न सुटतो, पण मग नावांच्या मधल्या तारका आणि अधोरेषाही खुणा म्हणून वाचल्या जाण्याचा धोका पत्करावा लागतो.

मला स्वतःला तिसरा मार्ग आवडतो आणि तो व्याकरणाचा आहे: ``लिस्ट`` या प्रकारात, ``ओपन`` या फंक्शनला. प्रत्यय मराठी नामाला लागतो, संज्ञा मोकळी राहते, आणि 'ओपनला' वाचताना मुलांना क्षणभर पडणारे कोडेही पडत नाही. पायथनच्या डॉक्युमेंटेशनच्या भाषांतरांना २०१७ मध्ये पीईपी ५४५ या प्रस्तावाने रीतसर चौकट मिळाली. त्यांतील तुर्की लेखनात विशेषनामाला प्रत्यय लावताना मध्ये लोपचिन्ह घालण्याची मूळचीच रीत असल्यामुळे त्यांची गाडी अडत नाही. कोरियनला मात्र आपल्यासारखीच अडचण येते.

शीर्षकांबाबत एक गोष्ट लक्षात ठेवावी. खालची रेघ पुरेशी आहे की नाही हे ठरवताना साधन काना, मात्रा, वेलांटी हीसुद्धा स्वतंत्र अक्षरे म्हणून मोजते. 'लेख' हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा, पण मोजणीत तीन अक्षरांचा आहे. त्याखाली दोनच संयोगचिन्हे दिली तर ते शीर्षक न राहता साधा मजकूर होते. रेघ ऐसपैस ओढावी, लांब रेघेला साधनाची हरकत नसते.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकवतो. प्रत्येक विद्यार्थ्याने खुल्या प्रकल्पाच्या डॉक्युमेंटेशनमध्ये निदान एक दुरुस्ती पाठवावी, असा स्वाध्याय दिला. बहुतेकांनी ओळींच्या शेवटच्या मोकळ्या जागा काढल्या, काहींनी अवतरणचिन्हे बदलली. जवळपास सर्व पुल रिक्वेस्ट (दुरुस्ती स्वीकारावी अशा विनंत्या) बंद झाल्या आणि प्रकल्प सांभाळणाऱ्या एका मेंटेनरने फार कडक शब्दांत लिहिले. हे नाउमेद करणारे नाही काय?
— प्राध्यापक, नागपूर

उत्तर : माफ करा, या बाबतीत मी मेंटेनरच्या बाजूचा आहे. डिजिटलओशन या कंपनीच्या हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात ऑक्टोबर महिन्यात चार पुल रिक्वेस्ट पाठवणाऱ्यांना टी-शर्ट मिळत असे. २०२० मध्ये त्यासाठी 'रीडमी' फाइलींत एखादे विशेषण घालणाऱ्या निरर्थक दुरुस्त्यांचा असा लोंढा आला की, ज्या प्रकल्पांनी स्वतःहून संमती दिली आहे तेच यापुढे धरले जातील, असा नियम त्याच महिन्यात करावा लागला. तेव्हापासून डॉक्युमेंटेशनमधील एका चिन्हाच्या दुरुस्तीकडे थोड्या संशयाने पाहिले जाते, आणि त्यात प्रामाणिक विद्यार्थीही भरडला जातो.

ओळीच्या शेवटची मोकळी जागा वाचकाला दिसत नाही. ती काढल्याने पानात फरक पडत नाही. मात्र ती ओळ शेवटची कोणी व का बदलली हा इतिहास झाकला जातो, आणि दुसऱ्या कोणाच्या अर्धवट कामाशी संघर्ष उद्भवतो. मार्कडाउनमध्ये तर शेवटच्या दोन मोकळ्या जागांना 'येथे ओळ तोडा' असा अर्थ आहे. संपादकाच्या आपोआप सफाईने त्या गेल्या की पत्त्याच्या चार ओळी एका ओळीत येतात. म्हणजे निरुपद्रवी वाटलेली दुरुस्ती कधी कधी नवी चूक असते.

स्वाध्यायाचा क्रम उलटा करावा असे सुचवतो. विद्यार्थ्याने एक लायब्ररी निवडून तिचे डॉक्युमेंटेशन स्वतःच्या संगणकावर बिल्ड करावे, तयार पान वाचावे, आणि वाचकाची दिशाभूल करणारा एक दोष शोधून त्याचे कारण वर्गात सांगावे. गुण त्यालाच द्यावेत. दुरुस्ती पाठवायची की नाही हे नंतर ठरेल. पाठवायचीच असेल तर तोच दोष त्या लायब्ररीत आणखी कोठे आहे ते शोधून सर्व जागा एकाच पुल रिक्वेस्टमध्ये घ्याव्यात, दुसऱ्या प्रकारचा दोष तिच्यात मिसळू नये, आणि आधी पान कसे दिसत होते व आता कसे दिसते हे दोन वाक्यांत लिहावे. पायथनच्या मुख्य प्रकल्पात अशा किरकोळ दुरुस्तीसाठी आधी स्वतंत्र तक्रार नोंदवण्याचीही गरज नसते. योगदानाच्या करारावर एकदा सही केलेली असावी लागते. दुरुस्ती मुख्य शाखेत गेली की चालू असलेल्या जुन्या आवृत्त्यांपर्यंत ती पोहोचवण्याचे काम मिस इस्लिंग्टन नावाचा बॉट करतो.

प्रश्न : छापखान्यात आणि नंतर एका नियतकालिकात मिळून तीस वर्षे मुद्रितशोधन केले. आता निवृत्त आहे. नातवाच्या संगणकावर ही पाने पाहिली आणि हात शिवशिवले. प्रोग्रॅमिंग येत नाही. माझा काही उपयोग आहे का?
— मुद्रितशोधक, दादर, मुंबई

उत्तर : आहे, आणि पुष्कळ आहे. वर सांगितलेल्या चुकांपैकी बहुतेक चुका कोड लिहिणाऱ्याच्या नजरेतून सुटतात, कारण तो फाइल वाचतो, पान वाचत नाही. आपण पानच वाचाल. शीर्षकाखाली यादी असावयास हवी तेथे सलग परिच्छेद का आहे, 'खालील सूचना पाहा' म्हटले असून खाली सूचना का नाही, उदाहरणाच्या चौकटीत शेवटी एक साधे इंग्रजी वाक्य कसे शिरले, हे प्रश्न विचारायला प्रोग्रॅमिंग लागत नाही. शेवटच्या प्रश्नाचे उत्तरही सोपे आहे: '>>>' या खुणेने सुरू होणारे उदाहरण रिकामी ओळ येईपर्यंत चालू राहते, आणि कोणीतरी ती ओळ सोडायला विसरलेले असते. टिपण नातवाकडे द्यावे, चिन्हे तो बदलील.

फक्त एक पथ्य पाळावे लागेल. चौकटीतल्या मजकुराला हात लावू नये, मग तेथील स्पेलिंग कितीही खुपले तरी. पायथनच्या 'यूआरएललिब' या भागाच्या पानावर एका उदाहरणात 'रेफरर' हा शब्द आपल्याला दिसेल. इंग्रजी स्पेलिंगप्रमाणे त्याच्या मध्यभागी 'आर' हे अक्षर दोनदा यावयास हवे. तेथे ते एकदाच आहे. ही चूक मूळ वेब-प्रोटोकॉल लिहिणाऱ्यांच्या हातून झाली, १९९६ च्या आरएफसी १९४५ या दस्तऐवजात तशीच छापली गेली, आणि तेव्हापासून प्रत्येक ब्राउझर व प्रत्येक सर्व्हर ते नाव त्याच चुकीच्या स्पेलिंगने ओळखतो. तेथे राहिलेला 'आर' आपण भरून दिला तर शब्द शुद्ध होईल आणि उदाहरण निरुपयोगी होईल.